गच्चीवर परत परत छत यायलंय, हॉलमध्ये डेकचे खांब उतरलेत? आधी खोली तपासा

होम डिझायनर या घर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या मजल्यावर पुढची बाजू मोकळी गच्ची म्हणून ठेवलीय आणि थ्रीडी उघडलं की तिच्यावर उतरतं छप्पर बसलेलं. सिलेक्ट करून डिलीट केलं की जातं, मग कुठली तरी भिंत सहा इंच सरकवली की परत हजर. दुसऱ्याच्या फाइलमध्ये उलटं, रेलिंग चारी बाजूंनी आखलंय पण फरशीच येत नाही, नुसता कठडा हवेत. तिसऱ्याच्या हॉलमध्ये वरच्या गच्चीचे लाकडी खांब सोफ्याशेजारी उतरलेत. सोलापुरात घराचं थ्रीडी करणाऱ्या पोरापोरींना हे हमखास भेटतं, कारण आपलं घर आरसीसी स्लॅबचं आणि सॉफ्टवेअर तिकडं अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या, उतरत्या छपराच्या घरांचा विचार करून बनवलेलं. मी इथं होम डिझायनर आणि त्याच कंपनीचं चीफ आर्किटेक्ट धरून लिहितेय. मेनूतली नावं आवृत्तीप्रमाणं थोडी इकडंतिकडं होतील, पण डोकं तेच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या म्हणजे पुढचं निम्मं आपोआप सुटतं. या सॉफ्टवेअरमध्ये छत आपण आखत नाही, छत खोलीवरनं ठरतं. बिल्ड रूफ चालवलं की ते प्रत्येक मजल्यावरच्या खोल्या बघतं, कुठल्या खोलीवर दुसरी खोली नाही आणि कुठल्या खोलीला 'रूफ ओव्हर धिस रूम' ही खूण आहे ते शोधतं आणि त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतींपासून उतार उचलतं. म्हणजे आपण डिलीट करतो ते नुसतं उत्तर, गणित तसंच राहतं, म्हणून ते परत येतं. डेकचंही (घराला जोडलेला लाकडी ओटा) तेच, रेलिंग ही त्याच्या लेखी भिंतच आहे आणि भिंतींनी बंद झालेली जागा मिळाली तरच ते तिला खोली मानतं, खोली मिळाली तरच तिला फरशी देतं.

म्हणून पहिली तपासणी एकच, गच्चीच्या मधोमध क्लिक करा आणि काय सिलेक्ट होतंय ते बघा. नेमकी गच्चीच तेवढी उजळली तर खोली बनलीय, पुढं जा. काहीच सिलेक्ट झालं नाही तर कठडा कुठंतरी उघडा आहे. आणि गच्चीसोबत मागची बेडरूमपण उजळली तर दोघींच्या मधली भिंत सॉफ्टवेअरला दिसतच नाहीये. या शेवटच्या प्रकारात लोक लई वेळ घालवतात कारण भिंत डोळ्यांना दिसते, दरवाजा पण बसलाय तिच्यात, मग अडचण काय? त्या भिंतीवर डबल क्लिक करून जनरलमध्ये 'नो रूम डेफिनिशन' ला टिक आहे का बघा. ती टिक असलेली भिंत दिसते पण खोल्या वेगळ्या करत नाही. टिक काढा, परत क्लिक करून बघा.

उघडं कुठं आहे ते शोधायला कोपऱ्यांवर झूम करा, नेहमीच्या झूमवर सगळं जुळलेलंच वाटतं. रेलिंग घराच्या भिंतीला जिथं टेकतं ते टोक सगळ्यात जास्त वेळा सुटलेलं असतं, अर्धा इंच जरी मोकळं असलं तरी खोली होत नाही. रेलिंग सिलेक्ट करून त्याचं टोक भिंतीच्या आत ओढलं की ते स्वतःहून पकडतं. आणि एकावर एक दोन रेलिंग आखली गेली असतील, कॉपी-पेस्टमध्ये हे होतं, तर वरची एक हलवून बघा खाली दुसरी निघते का. निघाली तर एक उडवा.

आता खोली बनली पण छत जात नाही. खोलीवर डबल क्लिक, पहिल्यांदा रूम टाइप बघा. नाव 'टेरेस' असं टाइप केलं असेल तर त्यानं काही होत नाही, ते नुसतं लेबल. टाइप लिव्हिंग किंवा अनस्पेसिफाइड राहिलेला असतो आणि तशा खोलीवर सॉफ्टवेअर छत घालणारच. टाइप डेक किंवा बाल्कनी करा, मग स्ट्रक्चरमध्ये जाऊन 'रूफ ओव्हर धिस रूम' ची टिक निघालीय ना ते स्वतः डोळ्यानं बघा. तिथंच 'सीलिंग ओव्हर धिस रूम' आहे, ती पण काढा. ती राहिली तर छत जातं पण गच्चीच्या वर हवेत एक पांढरी पाटी तरंगत राहते आणि माणूस ती पाटी म्हणजे छतच समजून तासभर छताच्या सेटिंगमध्ये शोधत बसतो.

एवढं केल्यावर बिल्ड रूफ परत चालवायचं. ऑटो रीबिल्ड चालू असेल तर ते लगेच होतं, नसेल तर जुनंच छत तसंच दिसत राहतं आणि वाटतं टिक काढून उपयोग झाला नाही.

इथं डेक आणि बाल्कनी यातला फरक समजून घ्या, आपल्या घरांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. डेक म्हणजे तिकडं घराला चिकटून अंगणात बांधलेला लाकडी प्लॅटफॉर्म, त्याच्याखाली जमीन असते. म्हणून डेक टाइप दिला की सॉफ्टवेअर वर लाकडी फळ्या, खाली जोइस्ट म्हणजे आडव्या लाकडी कड्या, बीम आणि जमिनीपर्यंत खांब असा सगळा सांगाडा स्वतःच उभा करतं. आपली गच्ची हॉलच्या डोक्यावर असते, मग तो सांगाडा हॉलमध्ये डोकावतो. हॉलच्या सीलिंगमधनं लाकडं दिसतायत, खांब उतरलेत, सगळ्याचं कारण हेच. खाली राहती खोली असेल तर टाइप बाल्कनी द्या, तिला मजल्याचाच प्लॅटफॉर्म मिळतो, म्हणजे आपली स्लॅब. टाइप बदलूनही लाकडं तशीच राहिली तर डेकच्या टॅबमध्ये फ्रेमिंग तसंच ठेवायची एक टिक असते, ती आधी चालू राहिलेली असते. आता उरलेलं फ्रेमिंग सिलेक्ट करून डिलीट करा. इथं डिलीट चालतं, कारण आता ते परत बनवणारी खोलीच राहिलेली नाही.

गच्चीवरचं छत गेलं पण कडेनं बारीक पट्टी राहिलीय, कठड्याच्या बाहेर दोनतीन इंच कौलांची झालर लागल्यासारखी दिसते, असं विचारणारे खूप आहेत. जुळे सोलापुरात ३० बाय ४० च्या प्लॉटवर जसं घर बांधतात तसं धरा, खालची बाहेरची भिंत ९ इंची आणि वरचा गच्चीचा कठडा साडेचार इंची. आपण प्लॅनमध्ये कठडा काढताना त्याची मधली रेघ खालच्या भिंतीच्या मधल्या रेघेवर बसवतो. ९ मधनं साडेचार गेले, उरलेल्याचे दोन भाग, म्हणजे कठड्याच्या बाहेर खालच्या भिंतीचा सव्वादोन इंच पट्टा उघडा राहिला. सॉफ्टवेअर म्हणतं या पट्ट्याखाली खोली आहे, वर काही नाही, मग इथं छत हवं. वर त्याला ओव्हरहँग, म्हणजे भिंतीबाहेर येणारी छपराची कड, जोडली की ती झालर आणखी बाहेर येते. उपाय, कठडा सिलेक्ट करून 'अलाइन विथ वॉल बिलो' द्यायचं, बाहेरची कड बाहेरच्या कडेवर आली पाहिजे. गवंडी पण तसंच बांधतो, कठडा बाहेरच्या कडेला धरून. खालचा मजला फिक्या रंगात दाखवणारा रेफरन्स डिस्प्ले चालू ठेवलात तर हे प्लॅनमध्येच दिसतं, थ्रीडी उघडायची गरज पडत नाही.

काही जणांचं छत थ्रीडीत फिरवताना फडफडतं, दोन रंग एकात एक चमकतात. ते ग्राफिक कार्डाचं दुखणं नाही, एकाच जागी दोन छतं आहेत. एक हाताने ओढून नीट केलेलं आणि त्याच्यावरच ऑटोनं घातलेलं दुसरं. हाताने केलेली छतं राखून ठेवायची टिक बिल्ड रूफमध्ये असते, ती चालू आणि ऑटो रीबिल्डपण चालू, मग प्रत्येक वेळी आपलं राहतं आणि वर नवं येतं. माझं म्हणणं असं की जोपर्यंत भिंती हलतायत तोपर्यंत छताला हात लावूच नका, सगळं ऑटोवर. घरमालकाला प्लॅन पसंत पडला, आता भिंत हलणार नाही असं झालं की मग ऑटो बंद करा आणि मग काय बारीकसारीक ओढायचं ते ओढा. आत्ताच गुंता झालेला असेल तर ऑटो बंद, सगळी छतं सिलेक्ट करून एकदाच डिलीट, आणि कोऱ्यावर बिल्ड रूफ. तुकड्यातुकड्यानं दुरुस्त करण्यापेक्षा हे लवकर होतं.

आता आपलं खरं घर, म्हणजे सपाट स्लॅब. लोक बिल्ड रूफमध्ये उतार शून्य करायला जातात, मग कधी छत भिंतीच्या आत बुडतं, कधी कठड्याच्या वर चढतं. त्यापेक्षा गच्चीला मजलाच समजा. सगळ्यात वरच्या मजल्यावर आणखी एक नवीन मजला बनवा, विचारेल तेव्हा खालच्या मजल्यावरनं आखणी घ्यायला सांगा म्हणजे बाहेरच्या भिंती जशाच्या तशा वर येतात. आतल्या भिंती काढून टाका, बाहेरच्या भिंतींचं सॉलिड रेलिंग करा, खोलीचा टाइप बाल्कनी, छत आणि सीलिंग दोन्हीच्या टिका बंद. झाली गच्ची. खालच्या मजल्याची स्लॅब हीच तिची फरशी आणि कठडा बरोबर भिंतीवर. कठड्याची उंची मात्र बघा, रेलिंग आपोआप ३६ इंचाचं येतं, म्हणजे ९१ सेंटीमीटर. आपल्याकडं गच्चीचा कठडा त्याहून उंच लागतो, तयार फरशीपासून साडेतीन फूट टाका.

गच्चीला पाणी जायला उतार देतात तो थ्रीडीत दाखवायच्या भानगडीत पडू नका. १०० ला १ असा उतार धरला तर दहा फुटात सव्वा इंचाच्या आसपास, तो चित्रात दिसत पण नाही आणि फरशी तिरकी केली की कठडा, दरवाजा, जिना सगळ्यांची उंची बिघडते. प्लॅनवर बाण काढा, पन्हाळ कुठं ते लिहा, बास.

जिन्याच्या वरच्या खोलीवर, हेडरूमवर, सगळ्यांची गाडी अडते. गच्ची मोकळी झाली पण हेडरूमवर चारी बाजूंनी उतरतं टोपीसारखं छप्पर. तिथं छताची टिक काढली तर हेडरूम उघडीच पडते. इथंपण तीच युक्ती, हेडरूमच्या वर तेवढ्याच मापाचा आणखी एक छोटा मजला, फूटभर कठडा, छत बंद. हे मला यासाठीपण बरं वाटतं की टाकी तिथंच बसते. आपल्याकडं उजनी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं रोज येत आलेलं नाही, त्यामुळं घरटी एक टाकी पुरत नाही, दोन तर असतातच आणि त्या थ्रीडीत दाखवल्या नाहीत तर समोरनं घर कसं दिसणार ते खरं कळतच नाही. पण हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन होतं, ते सॉफ्टवेअर मोजत नाही, ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं.

हेडरूमच्या दरवाजाची गोष्ट थोडी सावकाश बघा कारण इथली चूक साइटवर महागात पडते. गच्चीच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर येतो, साडेचार इंचाच्या आसपास, उताराप्रमाणं कुठं कमी कुठं जास्त. हेडरूमच्या आत तो येत नाही. म्हणजे बाहेरची गच्ची आतल्या फरशीपेक्षा उंच होते आणि पावसाचं पाणी जिन्यावरनं घरात उतरायची वाट तयार होते, म्हणून तिथं उंबरा घ्यावाच लागतो. सॉफ्टवेअरमध्ये गच्चीच्या खोलीची फ्लोअर हाइट साडेचार इंचानं वाढवा. वाढवली की दोन गोष्टी बिघडलेल्या दिसतील. एक, दरवाजाचा खालचा भाग गच्चीच्या फरशीत गाडला जातो. दरवाजाच्या सेटिंगमध्ये जमिनीपासून खालच्या कडेचं अंतर सहा इंच करा, म्हणजे कोब्याच्या वर दीड इंच उंबरा राहतो. दोन, दरवाजा वर सरकला की त्याचा माथा हेडरूमच्या स्लॅबला भिडतो. मग हेडरूमची उंचीच वाढवायला पाहिजे, दरवाजाची कमी करू नका, पाण्याचे हंडे नाहीतर गाद्या घेऊन माणसं तिथनं ये-जा करतात.

जिना वर येऊन स्लॅबला आपटतोय अशी तक्रार असेल तर वरच्या मजल्यावर जिन्याच्या जागेला 'ओपन बिलो' असा टाइप द्यायचा राहिलाय. तेवढं केलं की भोक पडतं.

पत्र्याचं शेड. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं गेला की स्लॅबखाली झोपवत नाही, त्यामुळं गच्चीवर लोखंडी पाइपवर पत्रा मारून घेणारी घरं शहरात कुठल्याही पेठेत दिसतात आणि घरमालक म्हणतो तेपण थ्रीडीत दाखवा. इथं उलटी अडचण, छत पाहिजे तर येत नाही, आलं तर मध्ये आढं काढून दोन्हीकडं उतरतं. पहिल्यांदा गच्चीच्या ज्या भागावर शेड आहे तेवढा भाग रेलिंगनं वेगळी खोली करा. मधल्या बाजूला कठडा नको असतो, तिथं 'नो रेलिंग' द्या, भिंत हिशोबाला राहते पण दिसत नाही. पाइपचे खांब दिसायला हवेत तर रेलिंगमध्ये 'पोस्ट टू बीम' आहे. आता या खोलीला 'रूफ ओव्हर धिस रूम' ची टिक द्या, सीलिंग बंदच ठेवा.

मग भिंतींना सांगायचं कुठला उतार कुणाचा. ज्या बाजूला पाणी पडणार ती बाजू तशीच सोडा, फक्त तिचा उतार बदला. दोन्ही बाजूच्या भिंतींना रूफ टॅबमध्ये 'फुल गेबल वॉल', म्हणजे तिथनं उतार उचलायचा नाही. आणि उंच बाजूच्या भिंतीला 'हाय शेड गेबल वॉल'. लोक उंच बाजूला काहीच देत नाहीत, मग सॉफ्टवेअर समजतं तिकडूनपण उतार उचलायचाय आणि मध्ये आढं येतं. उताराचा आकडा १२ ला किती असा असतो, म्हणजे १२ इंच आडवं गेल्यावर किती इंच चढलं. तिथं घरासाठी आधीचा जो आकडा असतो तो पत्र्याला लई जास्त, शेड देवळाच्या शिखरासारखं उभं राहतं. १२ ला १ किंवा दीड टाका. दहा फुटी शेडला १२ ला दीडनं उंच बाजू १५ इंच वर जाते, तेवढं दिसायलापण बरं आणि पाणीपण निघून जातं.

एवढं करूनही बाजूच्या दोन्ही अंगांना पत्र्याखाली त्रिकोणी भिंती उगवतील. त्या अ‍ॅटिक वॉल, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्याच्या भिंती आहेत, छप्पर आणि भिंत यातली फट सॉफ्टवेअर स्वतः बुजवतं. उघड्या शेडला त्या नकोत. अ‍ॅटिकच्या मजल्यावर जाऊन त्या उडवा आणि अ‍ॅटिक वॉल आपोआप बनवायचं बंद करा, नाहीतर त्यापण परत येतात. शेडला परवानगी लागते का, किती उंचीपर्यंत चालतं, ते महापालिकेत नकाशा घालणाऱ्या तुमच्या इंजिनिअरला आधीच विचारून घ्या, थ्रीडी मंजूर नकाशाच्या जागी चालत नाही.

दोन भागांची छतं वेगवेगळ्या उंचीवर येऊन एकमेकांत घुसतायत, हे फार्महाउसवाले विचारतात, अक्कलकोट रोड, होटगी रोडकडं कौलारू करायची हौस असते. एका खोलीची सीलिंगची उंची ९ फूट आणि शेजारची १० फूट राहिलेली असते, बहुतेक एक खोली नंतर वाढवलेली असते. सगळ्या खोल्यांची उंची सारखी करा, किंवा मुद्दाम वेगळी ठेवायची असेल तर बिल्ड रूफमध्ये 'सेम रूफ हाइट अ‍ॅट एक्स्टीरियर वॉल्स' द्या, मग बाहेरनं छत एका रेघेत येतं.

जुन्या वाड्याचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत दाखवायचं असेल तर तीच सपाट गच्चीची पद्धत, फक्त फ्लोअरची जाडी वाढवा, खाली तुळया वेगळ्या ठोकळ्यांनी काढा. सॉफ्टवेअरच्या जोइस्टवर विसंबू नका, ते अंतर आणि जाडी तिकडच्या लाकडाची असते.

कुठं अडलंय तेच कळत नसेल तर फाइलची कॉपी करून ठेवा आणि दुसऱ्या नव्या फाइलमध्ये चार भिंती, वर एक गच्ची, एवढंच काढून तीच सेटिंग द्या. तिथं बरोबर आलं तर मूळ फाइलमध्ये कुठल्या तरी एका भिंतीला किंवा खोलीला वेगळं सेटिंग चिकटलंय, एकेक खोली डबल क्लिक करून शोधा. तिथंपण चुकलं तर टेम्पलेटच्या डिफॉल्टमध्ये आहे, एकदा ते नीट करून आपलं स्वतःचं टेम्पलेट सेव्ह करा, १० फूट मजला, ९ इंची बाहेरची भिंत, साडेचार इंची आतली, जोइस्ट काढून पाच इंच काँक्रीटची स्लॅब, साडेतीन फूट कठडा.

आणि घरमालकाला चित्र दाखवण्याआधी सेक्शन कॅमेरा, म्हणजे घर कापून आतलं दाखवणारा कॅमेरा, हेडरूमच्या दरवाजातनं आडवा लावून एकदा बघा. त्यात स्लॅबची जाडी, हॉलमध्ये राहिलेलं एखादं लाकूड, कोबा, उंबरा, दरवाजाचा माथा, टाकीखालची स्लॅब सगळं एका नजरेत दिसतं, बाहेरनं कितीही फिरवलं तरी दिसत नाही.